चित्रं आधी, अक्षरं मागाहून

(बालवाडीत बरीच वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवणाऱ्या बाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तीन वर्षांच्या आतल्या मुलाला गोष्टींचं पुस्तक घेऊ नका, चित्रांचं घ्या. त्यावर पत्रं आली. काही रागाची आहेत. रागाच्या पत्रांत प्रश्न नेमके असतात, म्हणून तीही घेतली आहेत.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे. वाढदिवसाला मी त्याला एकशे एक बोधकथांचं जाडजूड पुस्तक आणलं. दोन ओळी वाचल्या की तो उठून पळतो. पानं फाडतो, कोपरे चावतो. याला वाचनाची गोडी लागायची तरी कशी? (एक आजी, कराड)

आजी, नातू अगदी ठीक आहे. त्या वयाचं पोर पुस्तक आधी हातानं वाचतं, मग तोंडानं, आणि डोळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. एकशे एक बोधकथा कपाटात वर ठेवून द्या. सहा-सात वर्षांचा झाला की काढा, आणि तेव्हासुद्धा शेवटचं तात्पर्य वाचू नका. कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत हे पोराला कळलेलं असतं. त्यावर आपण पुन्हा शिकवायला गेलो की त्याचं तोंड कडू होतं.

सध्या दोन प्रकारची पुस्तकं आणा. एक, जाड पुठ्ठ्याच्या पानांची. दुकानात घेताना कोपरे गोल आहेत ना आणि पानं उघडल्यावर सपाट बसतात ना, एवढं बघा. यात एका पानावर एकच वस्तू असली तरी चालते. दुसरी, ज्यात घरातलं जग आहे अशी. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ ज्योत्स्ना प्रकाशनाचं आहे. त्यात राधा आपल्या घरातली माणसं दाखवते. माझ्याकडे येणारी मुलं हे पुस्तक ऐकता ऐकता स्वतःच्या घराबद्दल बोलायला लागतात आणि मग पुस्तक बाजूलाच राहतं. राहू द्यावं. त्यांचंच ‘चित्रवाचन’ही घ्या. तिथं वाचायचं असतं ते चित्र, त्यामुळे चष्मा घरी विसरलेल्या आजीलाही ते चालतं.

फाटलेलं पान नातवाला जवळ बसवून चिकटवा. चिकटपट्टी त्याच्या हातात द्या. वाकडी लागेल. लागू दे.

प्रश्न : तुमचं ऐकून दुकानात गेलो. एक नवं चित्रपुस्तक चाळलं. सोळा पानं, सगळी मिळून वीसेक ओळी. उभ्या उभ्या तीन मिनिटांत संपलं आणि किंमत दीडशे रुपये! त्या पैशात दोनशे पानांचं पुस्तक येतं. ही पालकांची लूट नाही का? (एक वडील, पिंपरी)

तीन मिनिटांत तुमच्या ओळी संपल्या. चित्रं पाहिलीत का?

टोमणा नाही मारत, खरंच विचारते आहे. आपण मोठी माणसं पान उघडलं की अक्षरांवर उडी मारतो. सवयच तशी लागलेली असते. मुलाला अक्षर येत नाही, म्हणून ते चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघतं. आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात स्वयंपाकघराचं दोन पानभर चित्र आहे. खाली ओळ एकच : ‘मनी कुठे गेली?’ आई ओट्याखाली वाकली आहे, ताई दाराबाहेर डोकावते आहे, बाबा कॉटखाली. पिठाच्या डब्यामागून मात्र एक शेपूट बाहेर आलेली आहे आणि डब्याच्या झाकणावर पिठाचे पंजे उमटले आहेत. वाचणाऱ्या बाबांना हे दिसतच नाही, ते पान उलटायला निघतात. मांडीवरची पोरगी ओरडते, ‘थांबा!’ पुस्तकातल्या कुणाला ठाऊक नाही, बाबांना ठाऊक नाही, फक्त तिला ठाऊक आहे. ती एक गंमत पानावर आणण्यासाठी लेखकाला एकच ओळ लिहून गप्प बसावं लागलं आणि चित्रकाराला कितीतरी वेळा ते पान नव्यानं काढावं लागलं असणार. ‘मनी डब्यामागे लपली होती’ असं लिहून टाकलं असतं तर ओळी वाढल्या असत्या आणि पुस्तक मेलं असतं.

म्हणून दुकानात एक करून बघा. पानावरच्या ओळी हातानं झाका आणि नुसतं चित्र बघा. मग हात काढून ओळ वाचा. चित्रात होतं तेच ओळीत पुन्हा सांगितलं असेल, तर पुस्तक खाली ठेवा, भले ते वीस रुपयांचं का असेना. ओळ एक सांगते आणि चित्र त्याहून थोडं वेगळं किंवा जास्त सांगतं, असं दिसलं तर घ्या.

आता किंमत. चार रंगांची छपाई, जाडसर कागद, चित्रकाराचं मानधन हा खर्च पुस्तक सोळाच पानांचं असलं तरी सुटत नाही. त्यात मराठीत अशा पुस्तकांच्या प्रती काढतात त्या थोड्या. प्रती वाढल्या की एकेक पुस्तक स्वस्त पडतं, हे तुम्ही पिंपरीत राहता तर मी सांगायला नको, कारखान्याचंच गणित आहे. तरी खिशाला जड जात असेल तर प्रथम बुक्सची पुस्तकं बघा. ही संस्था 2004 साली निघाली तीच मुळी कमी किमतीत, अनेक भाषांत मुलांची पुस्तकं काढायची म्हणून. त्यांची बरीचशी मराठी पुस्तकं शंभराच्या आत मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिकेतलीही स्वस्त असतात, फक्त त्यात निवडून घ्यावं लागतं. काही चित्रं जुन्या पाठ्यपुस्तकासारखी सुस्त आहेत.

आणि दोनशे पानांचं जे पुस्तक दीडशेला येतं, त्यातली चित्रं कुणी काढली आहेत ते आत शोधा. बहुतेक वेळा नावच सापडणार नाही. मी तरी चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर नसलेलं चित्रपुस्तक सहसा विकत घेत नाही.

प्रश्न : मुलगा रोज रात्री तेच पुस्तक आणतो. मला ते पाठ झालंय, स्वप्नातही येतं. दुसरं काढलं की रडतो. शिवाय सासूबाई म्हणतात, नुसतं वाचू नकोस, त्याला विचारत जा हे काय, ते काय, रंग कोणता. विचारलं की तो पुस्तक मिटून टाकतो. (एक आई, नाशिक)

तेच वाचा. पुढं काय येणार हे ठाऊक असणं ही त्या वयात फार मोठी चैन आहे. दिवसभरात बाकी काहीच त्याच्या हातात नसतं. मध्येच एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वाचून बघा, कसा तुटून पडतो ते!

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, रीत तेवढी बदलायला हवी. ‘रंग कोणता’ ही परीक्षा झाली. त्याला माहीत असतं की तुम्हालाही उत्तर माहीत आहे, मग तो कशाला सांगेल? अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर यावर एक अभ्यास केला होता, 1988 साली तो प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक घेतले. एका गटाला थोडं शिकवलं : हो-नाहीत संपणारे प्रश्न कमी करा, ‘इथं काय चाललंय गं?’ असं मोघम विचारा, आणि मूल जे बोलेल त्यात एखादी भर घालून तेच परत म्हणा. दुसरा गट नेहमीसारखाच वाचत राहिला. महिन्याभरानंतर पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढं गेली होती. वाचन मात्र दोन्ही गटांचं साधारण तेवढंच.

म्हणजे मुलगा ‘गाडी’ म्हणाला तर ‘हो, लाल गाडी, चिखलात अडकलीय’ एवढंच म्हणा. रंग त्यात आला. सासूबाईंचंही समाधान.

प्रश्न : अलीकडच्या पुस्तकांतली चित्रं मला पटत नाहीत. हत्ती निळा, माणसांचे हात काड्यांसारखे, डोकी अवाढव्य. आमच्या वेळी चित्रातला आंबा उचलून खावासा वाटे. मुलांवर चित्रकलेचे चुकीचे संस्कार होत नाहीत का? (निवृत्त कलाशिक्षक, रत्नागिरी)

सर, रत्नागिरीकर आंब्याच्या बाबतीत तडजोड करणार नाहीत, हे गृहीत धरलं आहे.

पण काड्यांचे हात म्हणाल तर ते आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की वारली माणूस उभा राहतो, आणि उभा राहतो म्हणजे काय, नाचतो, धान्य कांडतो, झाडावर चढतो. चेन्नईच्या तारा बुक्सनं रमेश हेंगाडी आणि शांताराम धाडपे या वारली चित्रकारांकडून ‘डू!’ नावाचं पुस्तक करून घेतलं आहे. खाकी कागदावर पांढऱ्या रंगात हातानं केलेली स्क्रीन प्रिंटची छपाई, आणि पानोपानी माणसं काही ना काही करताहेत. शब्द म्हणाल तर क्रियापदं. मुलं त्यातली माणसं मोजतात, कोण काय करतंय ते शोधतात. एकाही मुलानं मला अजून विचारलेलं नाही की यांना नाक का नाही. तारा बुक्सचंच ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे काळ्या कागदावरचं गोंड चित्रांचं पुस्तक आहे. महाग आहे आणि हाताळायला नाजूक. ते मी मुलांना स्वतः उघडून दाखवते.

तुमची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. संगणकावर झटपट केलेली, सगळ्यांचे डोळे बशीएवढे आणि गाल गुलाबी, अशी एकाच साच्यातून निघालेली पुस्तकं स्टेशनरीच्या दुकानांत ढिगानं लटकत असतात. हत्ती करडाच असतो तिथं, पण तो कुणी बघून काढलेला नसतो. निळा हत्ती काढणाऱ्यानं निदान हत्ती पाहिलेला असतो.

प्रश्न : बाई, मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे आलेली पुस्तकं शहरी मराठीत आहेत. मुलं घरी वारली बोलतात. मी वाचते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत बसतात. चित्रांतही सोफा, गॅलरी, वाढदिवसाचा केक. मी काय करू? (तलासरी तालुका)

ताई, तुमच्या पत्राला सगळ्यात मोठं उत्तर देते आहे, कारण तुमच्याकडे जे आहे ते आम्हा शहरातल्या लोकांकडे नाही.

पहिलं म्हणजे ओळी वाचूच नका. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा, मुलं जेवढ्या उंचीवर बसली आहेत तेवढ्या उंचीवर, आणि गप्प बसा. पाच-दहा सेकंद जड जातील. मग कुणीतरी बोट दाखवेल आणि वारलीत काहीतरी म्हणेल. तुम्ही तोच शब्द परत म्हणा. दुसरं मूल बोलेल. गोष्ट अशी त्यांच्या भाषेत फिरू द्या, दोन-तीन दिवस. त्यानंतर कधीतरी पुस्तकातली मराठी ओळ हळूच तिच्या शेजारी ठेवा. एव्हाना गोष्ट त्यांची झालेली असते, त्यामुळे नवा शब्द अडत नाही. यासाठी बिनशब्दांची किंवा अगदी कमी शब्दांची पुस्तकं सगळ्यात उपयोगी. वरिष्ठांकडे मागणी करताना तसं स्पष्ट लिहा.

दुसरं, प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे 2015 पासून चालू असलेलं संकेतस्थळ फोनवर उघडा. तिथली पुस्तकं मोफत आहेत. ती उतरवून घ्यायला, छापायला, दुसऱ्या भाषेत करायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं श्रेय तेवढं द्यायचं. शेताची, पावसाची, जनावरांची चित्रं असलेलं एखादं पुस्तक निवडा आणि त्यातल्या ओळी पाड्यावरच्या एखाद्या आजीला विचारून वारलीत करा. देवनागरीत लिहिता येते की. वाडा तालुक्यात क्वेस्ट नावाची संस्था लहान मुलांच्या भाषा आणि वाचनावर बरीच वर्षं काम करते आहे, त्यांचं साहित्यही बघून ठेवा.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात आवडतं : पुस्तक तुम्हीच करा. जुन्या कॅलेंडरची पानं घ्या. छापील बाजू आत करून दोन-दोन पानं खळ लावून चिकटवा, वाळू द्या, मधोमध दुमडा आणि गोधडीच्या दोऱ्यानं पाठीला तीन टाके घाला. झालं पुस्तक. आता विषय. पहिल्या पावसानंतर रात्री दिवे घेऊन खेकडे धरायला गेलेल्या बापाबरोबर कोण गेलं होतं, ते विचारा. सगळे हात वर येतील. एकानं सांगायचं, तुम्ही त्याच्याच शब्दांत एका पानावर एक ओळ लिहायची, आणि चित्र मुलांनी काढायचं. मोठ्या बहिणीला तारपा वाजवत होणारा वारल्यांचा नाच काढता येत असेल तर तिला मुखपृष्ठ द्या. पुस्तकावर लेखक म्हणून मुलाचं नाव घाला. पाड्यावरची आई ते पुस्तक हातात घेऊन कशी बघते, ते मला नक्की लिहून कळवा.

तुमच्याच भागात, बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. पुढं 1957 पासून कोसबाडला. शिकवण्याचं सामानही त्या आसपास मिळणाऱ्या शंखशिंपल्यांचं, पानाफुलांचं, बियांचं करत. तेव्हा केकच्या चित्राला घाबरू नका. केकवर एक दिवस हसा आणि पुढच्या पानावर जा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, इथंच जन्मलेली. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. भारतातून येताना किती पुस्तकं आणणार? आणि आणलेल्या पुस्तकांतलं मराठी तिला जड जातं. (एक आई, न्यू जर्सी)

सामानाचं वजन बघता पातळ पुस्तकं आणा, पिन मारलेली. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची इंग्रजी-मराठी अशी दोन्ही भाषांत, एकाच पानावर छापलेली पुस्तकं आहेत. नुसती मराठीतलीही आहेत. त्यांचं ‘एक्की दोक्की’ जरूर घ्या. एका बहिणीला एकच केस, दुसरीला दोन, आणि दोन केसांवर केवढा तोरा! ही आपल्याकडची लोककथा. ती तमिळनाडूत छापून तुमच्या न्यू जर्सीत पोचते याची मला गंमत वाटते. शिंक आवरत नसलेल्या हत्तीचं ‘गजपती कुलपती’ही मराठीत आहे. शिंकेला भाषांतर लागत नाही, त्यामुळे तिथं मुलगी आपोआप सामील होईल.

वाचताना दोन्ही भाषा एकापाठोपाठ एक वाचू नका. तसं केलं की मूल मराठीच्या वेळी कान बंद करून इंग्रजीची वाट बघतं. मराठीच वाचा, अडलं तर चित्रावर बोट ठेवा. ती इंग्रजीत बोलली तर बोलू दे, तुम्ही तेच मराठीत म्हणून पुढं चला. शुक्रवारी रात्री आजीला व्हिडिओ कॉल लावून आजीच्या हातातलं आणि मुलीच्या हातातलं पुस्तक एकच ठेवा. म्हणजे खरेदी करताना दोन प्रती घ्यायच्या, हे लक्षात असू द्या.

स्टोरीवीव्हरचं वर सांगितलंच. पण ते फोनवर दाखवण्यापेक्षा छापून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं सांगितलं आहे, आणि तो तास बाकीच्या गोष्टींत कधीच संपलेला असतो.

प्रश्न : बाळाला पुस्तक कितव्या महिन्यापासून दाखवावं? (सोलापूर)

मान धरायला लागलं की. सुरुवातीला काळं-पांढरं, ठसठशीत. आणि घाई नाही.

प्रश्न : आमचं गावचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, सार्वजनिक वाचनालय. अनुदानातून मुलांची चांगली चित्रपुस्तकं घेतली, पण ग्रंथपाल ती कुलपात ठेवतात. म्हणतात, फाटली तर तपासणीला जबाब कोण देणार? त्यांचंही खरं आहे. (एक सचिव, जिल्हा सांगली)

त्यांचं खरं आहेच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांची भीती काढा.

चित्रपुस्तक पाठीवर उभं लावलं की संपलं. पातळ कणा दिसतच नाही. सुताराकडून भिंतीला अरुंद पट्ट्या मारून घ्या, मुलाच्या छातीच्या उंचीवर, आणि पुस्तकं मुखपृष्ठ बाहेर करून टेकवा. तेही नको असेल तर खिडकीच्या गजांना सुतळी बांधा आणि पुस्तकं मधून उघडून तिच्यावर अडकवा. खाली सतरंजी. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या मंडळींपासून ही जागा जरा लांब असू द्या. मुलं मोठ्यानं वाचतात, आणि बातम्या वाचणाऱ्यांना शांतता लागते, निदान इतरांची.

घरी न्यायला सुरुवातीला एकच पुस्तक द्या. दंड ठेवू नका. दंडाच्या भीतीनं आई पुस्तक पिशवीतून काढतच नाही आणि आठवड्यानं तसंच कोरं परत आणते. अंगणवाडीला महिन्याला एक पेटी फिरती द्या, नोंद सेविकेच्या नावावर.

पहिल्या वर्षी काही पुस्तकं फाटणारच. ती कशी आणि किती निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची, याचा ठराव कार्यकारिणीत आत्ताच करून इतिवृत्तात लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत ग्रंथपालांच्या हातात द्या. कुलूप ते स्वतःच काढतील.